कॅलेंडरवरचे पा, पु आणि सो

परवा रात्री साडेनऊला मित्राचा फोन. शाळेपासूनचा मित्र, आता वाकडला फ्लॅट आणि खराडीला ऑफिस, म्हणजे शहराची दोन टोकं, पुण्यातल्या लोकांना याच्यापुढं काही सांगायला नको. पावसात कुठल्यातरी पुलाखाली बाईक लावून उभा होता आणि तिथनंच विचारत होता, "खरं सांग, बार्शीला परत यावं का? फेसबुकवर टाकतोस तसलं नको सांगू." टोमणा बरोबर बसला, कारण मी टाकतो ते फोटो बहुतेक हुरड्याचे नाहीतर संध्याकाळी गच्चीवरच्या आभाळाचे असतात, पाण्याच्या मोटरीचा फोटो मी अजून एकदाही टाकलेला नाही.

म्हणलं लिहून पाठवतो. व्हॉट्सअॅपवर टाईप करायला बसलो आणि ते एवढं लांबत गेलं की शेवटी म्हणलं ब्लॉगवरच टाकू, तसाही ब्लॉग दीड वर्षं झोपलाय.

ज्यांना बार्शी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूर जिल्ह्यातला तालुका, सोलापूरपासून साधारण ७० किलोमीटर, लातूर शंभरेक, पुणे दोनशेच्या वर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १८ हजारांच्या आसपास, म्हणजे खेडं म्हणावं तर नाही आणि शहर म्हणावं तर पोरं हसतील. भगवंताचं देऊळ, मोठं मार्केट यार्ड, दवाखाने, शाळा-कॉलेजं, आणि चारी बाजूंनी ज्वारी, सोयाबीन, उडीद, तूर. समुद्र म्हणजे आमच्यासाठी सहलीत बघायची वस्तू. तिकडनं निघालेले ढग घाटावर मोकळे होतात आणि आमच्याकडे नुसती हजेरी लावून पुढं जातात, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात, आणि त्यातलाही बराचसा सप्टेंबरात परतीचा.

मी आलो जून २०२० मध्ये. अकरा वर्षं पुण्यात काढून. लॉकडाऊन होता, भाड्याच्या टूबीएचकेत तिघं कोंडून बसलो होतो, आई-बाबा इकडं एकटे, म्हणलं चार महिने जाऊन येऊ. पुढं घरमालकानं भाडं वाढवलं, कंपनीनं आमच्या टीमला कायमचं घरून काम करायला परवानगी दिली (आता नवीन लोकांना देत नाहीत, पाच दिवस बोलावतात), पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलं, आणि चार महिन्यांची सहा वर्षं होत आली. म्हणजे मी काही विचारबिचार करून आलेलो नाही, हे आधी कबूल करतो. विचार नंतर केला. अजून चालू आहे.

तर हिशेब. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय असतं आणि त्यावर आई, बायको आणि मी असे तिघं तीन रंगांच्या पेनांनी खुणा करतो. पाणी आलं की 'पा'. मला किंवा घरातल्या कुणाला पुण्याला जावं लागलं की 'पु'. सोलापूरला गेलं की 'सो'. लग्न, मुंज, वास्तुशांत, दहावा-तेरावा असलं काही असलं की नुसता गोल. मित्राच्या फोननंतर मागच्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीतनं शोधून काढलं (आईनं पानं कपाटाला अंथरली होती, दोन महिने डब्यांखालनं काढावे लागले) आणि मोजलं.

पहिला 'पा'. आमच्या गल्लीत पाणी साधारण पाचव्या दिवशी येतं, उन्हाळ्यात सातव्या-आठव्या. कधी येणार हे ठरलेलं नसतं, पहाटे चारला येतं, कधी दुपारी मीटिंगच्या मधोमध येतं. पाणी आलं हे कळतं कसं, तर शेजारच्या वहिनी गॅलरीतनं ओरडतात "आलं गंऽऽ", ही आमची अलर्ट सिस्टीम, आजपर्यंत एकदाही डाऊन गेलेली नाही. मग मोटर, हौद, वरची टाकी, पिण्याचं वेगळं गाळून घ्यायचं, अंगणातले ड्रम, दीड-दोन तास कुणीतरी एक माणूस पायपाशी लागतोच. एकदा क्लायंटच्या कॉलवर माझा माईक चालू राहिला आणि बाबांचं "अरे व्हॉल फिरव, व्हॉल, वाया चाललंय" हे थेट टेक्सासपर्यंत गेलं.

हे पाणी येतं उजनीतनं. आता मित्रा, इथं तुझा-माझा संबंध आहे. तू वाकडला आंघोळ केलीस की ते पाणी मुळेतनं मुळा-मुठेत, तिथनं भीमेत आणि भीमेतनं उजनीत येतं, आणि मग शुद्ध वगैरे होऊन पाचव्या दिवशी माझ्या हौदात पडतं. जपून साबण लाव. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं ६३च्या वर मृतसाठा, म्हणजे नेहमी पाणी सोडता येतं त्या पातळीच्या खालचं. त्यामुळं आमच्याकडं धरण रिकामं झालं असं कुणी म्हणत नाही, "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात, पुण्यात शेअर मार्केटबद्दल बोलतात त्या आवाजात. एप्रिल-मे आला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न, "किती मायनस?"

आणि २०१६चा एप्रिल आठवतोय का? मी तेव्हा पुण्यातच होतो. लातूरला पाणी संपलं म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, पहिल्या गाडीला १० टँकर, पाच लाख लिटर, नंतर पन्नास टँकरच्या गाड्या झाल्या. ती गाडी कुर्डुवाडीवरनं लातूरला, म्हणजे बार्शीच्या स्टेशनातनंच जायची. आईचा फोन आला होता, "आपल्या दारावरनं लातूरला पाणी चाललंय, आन आपल्या नळाला आठ दिवस झाले." हसत म्हणाली होती, पण मला तो फोन अजून आठवतो. तेव्हा मी पुण्यात कार धूत होतो.

आता 'पु'. मागच्या वर्षी किती निघाले सांगू? सतरा. आणि यातला एकही मजेसाठी नाही. सगळ्यात भारी नमुना म्हणजे बाबांचा पेसमेकर. तो २०१८ला पुण्यात बसवला, दर सहा महिन्यांनी चेक करायचा असतो. छातीवर एक यंत्र धरतात, लॅपटॉपवर आलेख येतो, डॉक्टर "उत्तम" म्हणतात, दहा मिनिटांत विषय संपतो. या दहा मिनिटांसाठी पहाटे चारला उठायचं, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत हडपसरला पोचायचं, तिथनं पुढं सिटीतलं ट्रॅफिक, डॉक्टरांकडं नंबर, जेवण, बाबांची लघवीची थांबायची ठिकाणं ठरलेली आहेत त्या सगळ्या ठिकाणी थांबायचं, आणि रात्री साडेदहाला घरी. सोलापुरातही हे होतं, मी दोनदा सुचवलं. बाबा म्हणाले, "ज्यानं बसवलाय त्यालाच दाखवायचा." विषय बंद.

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हाही असंच. इथल्या पोरानं उघडून बघितलं, प्रामाणिकपणे सांगितलं की साहेब पार्ट नाही, सोलापूरला जावा. सोलापूरला म्हणाले पुण्याला पाठवू, आठ दिवस. मी स्वतःच गाडीत टाकून नेला, दुसऱ्या दिवशी घेऊन आलो, मॅनेजरला सांगितलं व्हायरल झालाय. पासपोर्ट, पोरीच्या दातांच्या तारा, कंपनीची वर्षातनं दोनदा असणारी सक्तीची हजेरी, एका ऑडिटची सही, हे सगळं 'पु'. पुण्यात ही कामं लंच ब्रेकमध्ये व्हायची. इथं प्रत्येक कामाला अख्खा दिवस आणि एक उशी लागते.

रेल्वे आहे, नाही असं नाही. पण मुंबई-लातूर एक्स्प्रेस आमच्याकडं पहाटे येते आणि जाताना मध्यरात्रीनंतर, म्हणजे झोपेचं खोबरं दोन्हीकडनं. तरी आम्ही तक्रार करायची नाही कारण आमच्या आजोबांनी बार्शी लाईट बघितलेली आहे. १८९७ला सुरू झालेली अडीच फुटी नॅरोगेज, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं केलेली, पुढं ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आजोबा सांगायचे की चढावर गाडी एवढी हळू व्हायची की माणसं उतरून शेंगा उपटून परत चढायची. प्रत्येक गावचे म्हातारे आपापल्या छोट्या गाडीबद्दल हेच सांगतात हे मला पुढं कळलं, पण आजोबांसमोर बोलायची टाप नव्हती. २००८च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. आता गाडी जोरात पळते आणि शेंगा सुपरमार्केटात मिळतात.

दवाखान्याचं मात्र गंमतशीर आहे. लोकांना वाटतं छोट्या गावात मोठा आजार निघाला की संपलं. तर बार्शीत कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, नर्गिस दत्त यांच्या नावाचं, आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ला इथं सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं धरून. धाराशिव, बीड, लातूरकडनं पेशंट येतात. म्हणजे ज्या आजारासाठी लोक मुंबई गाठतात तो आमच्याकडं रिक्षानं जाण्याच्या अंतरावर, आणि ज्याच्यासाठी दहा मिनिटांचं यंत्र पाहिजे त्यासाठी आम्ही पुण्याला. छोट्या गावाचं असंच असतं, सोयी पायरीपायरीनं येत नाहीत, कुणीतरी एक वेडा माणूस एका जागी बसतो आणि तेवढी एक गोष्ट उभी राहते, बाजूची जागा तशीच मोकळी. शिक्षणाचंही तेच, मामासाहेब जगदाळे नावाचा माणूस इथं होऊन गेला म्हणून वसतिगृहं आणि शाळा झाल्या, आमच्या बाबांसारखी खेड्यातली पोरं शिकली. नाहीतर बाबा आजही ढोराच्या मागं असते, हे त्यांचेच शब्द.

आता गोल. हा भाग मित्राला अजिबात माहीत नाही. मागच्या वर्षी गोल निघाले एकेचाळीस. पुण्यात असताना चुलत आत्याच्या नणंदेच्या नातवाचं बारसं असलं की "अगं ट्रॅफिक, जमणार नाही" एवढं पुरायचं. इथं ट्रॅफिकच नाही! कुठलंही कार्यालय घ्या, परांडा रोड असो नाहीतर उपळाई रोड, दहा मिनिटांवर. सगळं दहा मिनिटांवर आहे म्हणजे तुम्हाला न जायचं कारणच शिल्लक राहत नाही. आणि नाही गेलं तर नोंद होते. आहेराच्या वहीत नाव नसलं की चार वर्षांनी तुमच्या घरच्या कार्यात त्याची वसुली होते. मे महिन्यात एका दिवशी तीन-तीन लग्नं, अक्षता टाकायच्या, जेवायचं नाही, पुढच्या मांडवात, आणि डोक्यावर बेचाळीस डिग्री. मयतीला मात्र मी मनापासनं जातो. बाबा २०२३ला दोन दिवस आयसीयूत होते तेव्हा दवाखान्याबाहेर रात्री दोन वाजता सतरा माणसं बसलेली मी मोजलीत, त्यातल्या निम्म्यांची नावं मला येत नव्हती.

तर बेरीज. पुण्यात माझे रोज जायचे-यायचे मिळून तीन तास जायचे. महिन्याला वीस दिवस धरले तर साठ तास. हे वाचले, जमा बाजू. आता खर्च. सतरा पुणे, एकाला सरासरी बावीस तास धरले (काहींना मुक्काम पडतो), महिन्याला एकतीस तास. सोलापूर अकरा वेळा, सात-सात तास, महिन्याला सहा. एकेचाळीस गोल, तीन-तीन तास, दहा. मी इथं थांबलो आणि बायकोला म्हणलं, बघ, तेरा तास तरी शिल्लक आहेत की. ती भाकरी थापत होती, मागं न बघता म्हणाली, "आणि पाणी कुणी भरायचं?" सत्तर 'पा', दोन-दोन तास. महिन्याला जवळजवळ बारा.

म्हणजे अख्ख्या महिन्यात मला बार्शीनं दिला एक तास.

मी हे दोनदा मोजलं. गाव रोजची मिनिटं वाचवतं आणि महिन्याचे दिवस खातं, असं आहे हे. पण दोन्हीकडचे तास एकाच भावानं मोजणं बरोबर नाही असंही मला वाटतं. वाकडच्या सिग्नलला जे तास गेले त्यातला एकही मला आठवत नाही, त्या तीन तासांत मी कुणाचा बाप नव्हतो, कुणाचा पोरगा नव्हतो, नुसता एक हेल्मेट होतो. बाबांबरोबर भिगवणला थांबून त्यांचा तोच मिसळ-पाव आणि "पूर्वी इथं काहीच नव्हतं" हे बाराव्यांदा ऐकणं हा पण वेळ वाया गेलेलाच आहे हिशेबाप्रमाणं, पण तो मी माझ्या खिशातनं दिलेला आहे. उलट बाजू अशी की सिग्नलचा तास निदान ठरलेला असतो. 'पु' कधी येईल सांगता येत नाही, रिलीजच्या आठवड्यात येतो.

बायकोचा हिशेब वेगळा आहे आणि तो मी तिला विचारून लिहितोय. ती पुण्यात एचआरला होती, स्वतःची गाडी, स्वतःचा ग्रुप, शुक्रवारी उशिरा यायची. इथं आल्यावर पहिल्या महिन्यात ती ट्रॅकपँट घालून फिरायला गेली तर संध्याकाळपर्यंत आईकडं तीन बायका विचारून गेल्या, सुनेला शुगर आहे का. म्हणजे फिरायला जायचं तर आजार पाहिजे. आता ती पहाटे साडेपाचला ग्राऊंडवर जाते, पंजाबी ड्रेस आणि खाली स्पोर्ट्स शूज, तिथं तिच्यासारख्या अजून नऊ-दहा जणी आहेत, त्यातल्या तिघी पुण्या-मुंबईहून परत आलेल्या. नोकरी सुटली. घरी आठवी ते दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते, बावीस मुलं आहेत, पालक तिला मॅडम म्हणतात आणि फी देताना मात्र माझ्या हातात देतात. "पुण्यात मला माझ्या नावानं चाळीस माणसं ओळखायची," ती म्हणते, "इथं चारशे ओळखतात, पण तुमची सून म्हणून." मला याला उत्तर नाही. मी बार्शीत परत आलो, ती बार्शीत आली, एवढा फरक कॅलेंडरवर कुठल्याच खुणेत बसत नाही. तिला आवडतं ते पण सांगते, पोरगी सायकलवर एकटी शाळेत जाते, वाटेत चार ठिकाणी माणसं ओळखीची, हे पुण्यात तिला कधी जमलं नसतं. ज्या नजरा तिला टोचतात त्याच पोरीला सांभाळतात, आणि पोरगी आठवीत आहे, अजून दोन-तीन वर्षांनी त्याच नजरा पोरीला टोचायला लागणार हे आम्हा दोघांना कळतं पण आम्ही त्यावर बोलत नाही.

कामाचं बोलू. माझी सगळ्यात मोठी भीती ही. पुण्यात नोकरी गेली तर माणूस शेजारच्या बिल्डिंगमधल्या कंपनीत जातो. इथं माझ्या कामाचं कुणाला काही नाही. मार्केट यार्ड आहे, साखर कारखाने आहेत, पतसंस्था, क्लास, दवाखाने, कपड्यांची दुकानं. कापडगिरणी होती, तिच्या भोंग्यावर गाव घड्याळं लावायचं, ती मार्च २०२० पासनं बंद. मी आलो तोवर भोंगा गेलेला होता. आणि मी काम करतो हेच लोकांना पटत नाही. बाजूचे काका एक दिवस मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, किती दिवस घरी बसणार? पतसंस्थेत क्लार्कची जागा निघालीय, बारा हजार देतील, मी शब्द टाकतो." मी पगाराचा आकडा सांगितला नाही, नुसतं धन्यवाद म्हणलं. खरं तर त्या रात्री झोप लागली नाही, कारण उद्या वेळ आलीच तर इथं मला विचारणारे ते काका एकटेच असणार.

स्वस्ताईबद्दल तुझे गैरसमज आहेत ते काढून टाक. भाडं वाचतं, ते पण घर बापाचं आहे म्हणून. कामाला माणूस स्वस्त मिळतो, प्लंबर, सुतार, गवंडी. बाकी टीव्ही, औषधं, सफरचंद, शाळेची पुस्तकं, सगळं त्याच भावात नाहीतर जास्त. प्लॉटचं विचारशील तर सुरत-चेन्नई हायवे तालुक्यातनं जाणार म्हणल्यापासनं जो तो प्लॉटवाला आपल्या रानापासनं हायवे किती मिनिटांवर आहे तेच सांगतोय. शुद्ध हवा पण विसर. झाडं कमी, धूळ जास्त, सकाळी कोपऱ्यावर कचरा जाळतात, डुकरं आहेत, जयंत्यांना डीजे लागला की खिडकीच्या काचा थरथरतात.

एक गोष्ट मात्र कुठंच मिळणार नाही, ज्वारी. मालदांडी, परतीच्या पावसावर पेरलेली, काळ्या रानातली. ती भाकरी गरम असताना आणि दुसऱ्या दिवशी शिळी दही-शेंगाचटणीबरोबर, दोन्ही वेळेला वेगळी लागते. पुण्यात पाकिटातलं पीठ आणून आई आलेली असताना तिनं भाकरी केली होती, तव्यावर टाकताना तुकडे पडले, आई म्हणाली पिठाला विरीच नाही गेलेली. शब्द बघा, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, ती जाणं ऐकलं होतं, न जाणं तिथं पहिल्यांदा ऐकलं, चिडली की ती व्याकरण उलटं करते.

आणि माणसं. केबल तुटली की (नाल्याला जेसीबी लावला की तुटतेच) पुण्यात तिकीट नंबर मिळायचा. इथं मी केबलवाल्या पोराला फोन करतो, तो म्हणतो "दादा, जेवतोय, येतो की", आणि रात्री दहाला डोक्याला टॉर्च बांधून खांबावर चढलेला असतो. मार्च एंडला अकरा वाजता आलाय. पण हेच पोरगं एकदा दुसऱ्या दिवशीपर्यंत आलं नाही, का, तर निवडणूक होती आणि आम्ही कुणाच्या गटाचे आहोत हे त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं. इथं दोन गट आहेत, दूधवाला, डॉक्टर, मंडळ, क्लास, सगळ्यांच्या कपाळावर न दिसणारा शिक्का. तू म्हणशील मी कुठल्याच गटाचा नाही. मी पण म्हणलो होतो. त्याचा अर्थ दोन्हीकडच्यांनी आपापल्या सोयीनं लावला.

पोरीचं अजून ठरायचंय. दहावीपर्यंत इथं उत्तम आहे, पुढं सायन्स म्हणलं की आमच्याकडची पोरं लातूरला जातात, ते लातूर पॅटर्न म्हणतात ना तेच. शंभर किलोमीटर, होस्टेल, दोन वर्षं. म्हणजे आपण आई-बापाजवळ राहायला म्हणून आलो आणि पोरीला सोळाव्या वर्षी बाहेर पाठवायचं. तिला विचारलं तर म्हणाली, लातूरला पाणी रोज येतं का? मी म्हणलं नाही बहुतेक. मग पुणेच बरं, म्हणाली, आणि हेडफोन घातला.

तर मित्रा. तू दरवर्षी जानेवारीत येतोस, रानात बसतोस, गरम हुरडा, गूळ, दही, चटणी, आगटीचा धूर, आणि परत जाताना गाडीत भावूक होतोस, वहिनीला म्हणतोस येऊच परत. जानेवारीत बार्शी सगळ्यांनाच आवडते, त्यावर ठरवू नको. आषाढीला पण येऊ नको, द्वादशीला वारकरी भगवंताला उपास सोडायला येतात तेव्हा गाव एवढं छान दिसतं की तू त्याच दिवशी इसार देऊन बसशील.

मे मध्ये ये. आठ दिवस. सुट्टी काढू नको, लॅपटॉप आण, काम इथनं कर. वरची खोली देतो, कूलर आहे, एसी नाही. वळवाचा पाऊस आला आणि रात्रभर लाईट गेली तर इन्व्हर्टर तीन तास चालतो, पुढं गच्ची. त्या आठवड्यात एक 'पा' नक्की येईल, तो तुझ्या वाटणीचा, पाईप तू धरायचा. दोन-तीन गोल पण असतील, तुला घेऊनच जाईन, आहेर तुझा तू कर. आणि जायच्या दिवशी राहायचं का नाही हे मला सांगू नको, वहिनीला विचार, आणि ती काय म्हणते ते नीट ऐकून घे, मी माझ्या बायकोचं ऐकलं नव्हतं.

येताना एक काम कर. तुझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे, बाबांच्या डॉक्टरांकडं जुन्या रिपोर्टांची फाईल राहिलीय, तेवढी घेऊन ये. माझा एक 'पु' वाचेल.